आठ नंबरचा ब्रश

पहिलं झाड काढलं तेव्हा सगळी चाळ हसली. हसण्यासारखंच होतं. खाली खोड आणि वर फ्लॉवरचा गड्डा. शामराव म्हणाला, "पेंटर, बुद्धाला भाजीबाजारात बसवलास काय रे?" मी त्याच दिवशी चुना कालवला आणि गड्डा पुसून टाकला. खाली बसलेला बुद्ध तेवढा राहिला.

वरळीच्या बीडीडी चाळीत तळमजल्यावर आमच्या मंडळाची एक खोली आहे. डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या वाळूवर हजारो लोकांनी डोळे पुसत दीक्षा घेतली, त्यात आमची अख्खी चाळ होती. परत आलो आणि मंडळाच्या खोलीतले देव, तसबिरी, शेंदराचे दगड पोत्यात भरून समुद्रात सोडले. देव गेले आणि मागची भिंत उघडी पडली. वर्षानुवर्षांच्या उदबत्तीनं काळी झालेली. तिच्यावर काय काढायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. बोधिवृक्षाखाली बसलेला बुद्ध. वैशाखी पौर्णिमेला सगळ्यांच्या समोर पडदा काढायचा. आणि काढणार कोण? चाळीत पेंटर एकच, दगडू गमरे. म्हणजे मी.

मी बोर्ड रंगवतो. 'येथे सायकली भाड्याने मिळतील', 'पान बिडी', 'डॉक्टर आत आहेत'. मला कुणी शिकवलेलं नाही. दुकानांच्या पाट्या बघून बघून शिकलो. माणसाचा चेहराही येतो, कॅलेंडरावर चौकोन आखायचे, भिंतीवर मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक घर भरत जायचं. बुद्ध मी तसाच काढला आणि चांगला काढला, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण कॅलेंडरातलं झाड तीन बोटांचं होतं. ते भिंतीएवढं केलं की त्याचा फ्लॉवर होत होता. आणि खरं झाड मी जन्मात काढलं नव्हतं. बोर्डावर झाड कोण काढायला सांगतो?

झाड पुसल्यापासून बुद्ध उघड्यावर होता. मागे पांढरी भिंत, वर काही नाही. आमच्या मजल्यावरची रखमाआजी रोज पाण्याचा हंडा घेऊन जाताना दारात थांबायची.

"अजून उनातच हाय का रं?"

"येतंय झाड, आजी."

"कदी? डोकं तापलं आसंल त्याचं."

एक दिवस येऊन बघतो तर तिनं बुद्धाच्या वर खिळा ठोकून आपली काळी छत्री उघडून टांगलेली. पोरं खिदळत होती. मी छत्री काढली नाही. काढायला तोंड कुठं होतं?

शामराव मंडळाचा सेक्रेटरी. गिरणीत सूत काढायच्या रिंगखात्यात, बोलायला कात्रीसारखा. त्यानं मला बाजूला घेतलं.

"गिरगावात एक पेंटर आहे म्हणतात. देवळातली चित्रं काढतो. त्याला आणतो."

"देवळातला माणूस आपल्या भिंतीला हात लावणार?"

"बुद्ध तुझाच राहील. तो फक्त झाड काढेल."

"म्हणजे बुद्धाला सावली देवळातनं उसनी आणायची?"

"मग तू दे की सावली. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी भिंतीवर झाड दिसलं नाही, तर मी त्याला बोलावणार. लोक छत्री बघायला नाही येणार, दगडू."

असं होतं. ती भिंत आमच्या हातानं रंगायची की नाही, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं त्याच्या पोटातलं.

*

त्या दिवसांत माझं जाणं-येणं गिरगावात फार. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबईत काँग्रेसला पाणी पाजलं होतं आणि विजयाच्या सभा संपत नव्हत्या. समितीच्या कचेरीत जमिनीवर कापड पसरून मी नीळ आणि गेरूनं अक्षरं काढायचो. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेत हात धरून कुणी ब्रश दिला असता तर 'च' ला जोर देऊनच लिहिलं असतं.

तिथं अप्पा यायचे. शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात कायम लवंग. सत्याग्रहात अकरा दिवस आत जाऊन आले होते आणि ते अकरा दिवस गेले वर्षभर सांगत होते. तुरुंगातली डाळ कशी, तुरुंगातली घोंगडी कशी. ऐकून असं वाटायचं की महाराष्ट्र अडलाय तो त्या डाळीपायीच.

एकदा माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "पेंटर, अक्षर सुरेख आहे रे तुझं. 'म' ला पोट आहे. हात आहे तुला."

मी संधी सोडली नाही. "अप्पा, झाड कसं काढतात?"

"झाड शिकवता येत नाही. निसर्ग शिकवतो. आम्ही काही मंडळी दर रविवारी बाहेर जाऊन निसर्गचित्रं काढतो. या रविवारी शीवच्या किल्ल्याला. ये तू. पिंपळ आहे तिथं, डेरेदार."

माझं नाव त्यांनी विचारलं नाही. कचेरीत सगळे मला पेंटरच म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या कामात नाव कोण विचारतो?

घरी बायकोला सांगितलं. बकुळा चुलीपुढे होती.

"पिंपळ बघायला शीवला चाललाय? आपल्या संडासामागच्या भिंतीतनं आलाय तो काय आहे मग?"

"तो हातभर आहे."

"बुद्ध काय टेप घेऊन बसला होता?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

*

रविवारी सकाळी शीवच्या बसथांब्यावर पोचलो. अप्पा, त्यांची पुतणी सुनेत्रा, कॉलेजात शिकणारी, आणि रमाकांत म्हणून एक गृहस्थ, सरकारी कचेरीत कारकून. प्रत्येकाकडे घडीचं स्टूल, डोक्यावर टोपी, गळ्यात पिशवी, पिशवीत थर्मास. शिकारीला निघालेत असं वाटावं. माझ्याकडे पत्र्याचे दोन डबे, सुताची दोरी, खडू आणि शामरावनं गिरणीतनं आणलेला जाड पुठ्ठा.

किल्ल्याच्या पायथ्याशी पिंपळ होता. खरोखर डेरेदार. त्याच्या पलीकडे मिठागरं, खाडी. डाव्या अंगाला धारावीचे कातडी कारखाने, पत्र्याच्या शेडी, चिमण्या, झोपड्या, वाळत घातलेली लुगडी. आणि वास. तो वास नाकात शिरला की सकाळी काय खाल्लं ते आठवतं.

अप्पांनी पिशवीतून पुठ्ठ्याची एक चौकट काढली, मधोमध खिडकी कापलेली. ती डोळ्यासमोर धरून ते गोलगोल फिरले.

"निसर्गात सगळंच घ्यायचं नसतं. निवड करायची. ही शेड नको. ती चिमणी नको. ह्या झोपड्या तर नकोच. लुगडी? छे छे. हं. आता बघा."

मी खिडकीतून बघितलं. पिंपळाची एक फांदी आणि पाण्याचा तुकडा. बाकी सगळं कापून टाकलेलं. आदल्या रात्री ह्याच अप्पांनी सभेत सांगितलं होतं की मुंबईचा तसूभर तुकडा सोडणार नाही. सकाळी पुठ्ठ्याच्या खिडकीनं निम्मी मुंबई सोडून दिली होती.

रमाकांतनी तर पिंपळाकडे पाठच केली. कागदावर निळे डोंगर काढले, खाली तळं, तळ्यात होडी.

"होडी कुठं आहे?" मी विचारलं.

"असावी," ते म्हणाले. "इथं होडी असावी असं वाटतं मला."

"आणि बर्फ?"

"ते ढग आहेत."

असो. मीही काही कमी नव्हतो. मी पुठ्ठा दगडाला टेकवला, दोरीला खडू फासला, दोन टोकं धरली आणि ताणून सट्‌कन सोडली. बोर्डाची पहिली रेघ अशीच मारतात. सरळ येते. सुनेत्रा तोंडावर पदर धरून हसायला लागली.

"पेंटर, झाड सरळ रेषेत बसवणार?"

"ओळ वाकडी गेली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, ताई."

मग मी पहिलं पान काढलं. पिंपळाचं पान मला येतं, बदामासारखं, टोकाला शेपूट. दुसरं काढलं. तिसरं काढलं. अक्षरांसारखी एकाशेजारी एक, ओळीत. तासाभरानं सुनेत्रा परत आली.

"किती झाली?"

"चाळीस."

तिनं झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर परत तोंडाला गेला. तिची चूक नव्हती. चाळीस पानांचा पिंपळ म्हणजे तुळशीचं रोप.

तेव्हा अप्पा आले. मागे उभे राहिले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"पानं काढू नकोस रे. पानं कुणाला मोजता आलीत? पानांच्या मधलं आकाश काढ. झाडात भोकं असतात, त्यातनं उजेड येतो. ती भोकं नीट काढ, झाड आपोआप येतं."

त्यांनी आपल्या पेटीतून एक ब्रश काढला. बारीक, काळ्या दांड्याचा, आठ नंबरचा. विलायती, कुठल्याशा थंड मुलखातल्या जनावराच्या शेपटीचे केस. पाण्यात बुडवला, मग सरळ तोंडात घातला, ओठ मिटून सर्रकन बाहेर ओढला. केस जुळून सुईसारखं टोक आलं.

"ब्रशला टोक असं आणायचं. फडक्यानं येत नाही. जिभेसारखं दुसरं हत्यार नाही."

आणि माझ्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात त्यांनी पाच-सहा ठिपके टाकले, मध्ये जागा सोडली, परत चार ठिपके. एवढंच. आणि तिथं फांदी हलली. खोटं का सांगू? पंधरा वर्षं मी ब्रश धरलाय, पण ब्रश असंही करतो हे मला ठाऊक नव्हतं.

"घे. ह्यानं काढ," ब्रश माझ्या हातात देत ते म्हणाले.

मी घेतला. पाण्यात बुडवला. तोंडात घातला, ओढला. जिभेवर लवंगेची चव आली. अप्पांची.

मग मी भोकं काढू लागलो. आणि झाड येऊ लागलं. हळूहळू, पण फ्लॉवर नाही, झाड.

अप्पा म्हणाले, "रंग चुकला. तांबडा का घेतलास? झाड हिरवं असतं."

"हे तांबडं आहे, अप्पा. कोवळी पालवी आहे. तांब्याच्या भांड्यासारखी. बघा की."

अप्पांनी बघितलं. "हो. दिसतं तसं. पण चित्रात हिरवंच घ्यावं."

निसर्ग शिकवतो म्हणणारा माणूस निसर्गालाच मार्क कापत होता. मी तांबडाच ठेवला.

*

नऊच्या सुमारास खाण्याची सुट्टी झाली. सुनेत्रानं शिऱ्याचा डबा उघडला. थर्मासचे चार पेले मांडले. एक माझा होता. मी मोजले होते. आमच्या माणसाला पेले मोजायची सवय लागते.

रमाकांतनी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारलं, "पेंटर, तुमचं मूळ गाव?"

"संगमेश्वराकडलं."

"वा. आमची आत्या तिथली. आणि इथं राहता कुठे?"

"वरळी. बीडीडी."

"तिथं कसं राहता बुवा? म्हणजे, तिथं बहुतेक..." ते थांबले.

मी म्हटलं, "तिथंच आमचे लोक राहतात. आता चाळीत बुद्ध काढतोय भिंतीवर. त्याच्यासाठीच झाड शिकायला आलो."

सुनेत्राचा हात चौथ्या पेल्याजवळ होता, ती अप्पांकडे बघत होती. अप्पा खाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "ऊन चढलंय. पेंटरना चहा सोसायचा नाही. शिरा द्या त्यांना, कागदावर."

शिरा वर्तमानपत्रावर आला. बातमी समितीच्या विजयाचीच होती, तुपानं पारदर्शक झालेली.

"गमरे, तुम्ही घ्या ना पोटभर," अप्पा म्हणाले. नाव आत्ताच विचारून घेतलं होतं. आणि सकाळपासून मी 'तू' होतो, तो पाच मिनिटांत 'तुम्ही' झालो. आमच्या लोकांना गिरणीत दहा-दहा वर्षं बढती मिळत नाही. मला शीवच्या किल्ल्याखाली शिरा खाता खाता मिळाली.

मी शिरा खाल्ला. चांगला होता. राग आला म्हणून शिरा सोडणारा मी नव्हे. वर तंबाखूची चिमूट लावली आणि झाडाकडे वळलो. ब्रश पाण्यात, ब्रश तोंडात, भोक, ठिपका, भोक.

अप्पा खाऊन झाल्यावर नेहमीप्रमाणे बोलू लागले. मराठी माणूस कसा एक आहे. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा. जात कशी आता उरली नाही, विशेषतः तुरुंगात. बोलता बोलता माझ्या मागे आले. माझं झाड बघितलं. आणि मास्तर जागा झाला.

"अहो, इथं नाही. इथं खोड दिसलं पाहिजे, मधून. असं घट्ट नाही भरायचं. द्या इकडे."

माझ्या हातातला ब्रश ओढून घेतला, पाण्यात बुडवला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडात घातला. ओठ मिटले. सर्रकन बाहेर ओढला.

मग थांबले. तोंड वाकडं झालं.

"तंबाखू?"

सुनेत्रा म्हणाली, "अप्पा, तो गमऱ्यांच्या तोंडातला ब्रश होता." तिच्या मनात काही नव्हतं. तिला हसूच येत होतं.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आमच्या लोकांना घेत नाहीत. तिथं मागाच्या धोट्यातला धागा भोकातून तोंडानं ओढून काढावा लागतो, आणि तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाशी जाणार. म्हणून आम्ही रिंगखात्यात. आमचा बाप, आमचा चुलता, शामराव, सगळे रिंगखात्यात. साच्यावरच्या कापडाला आमची थुंकी लागलेली नाही, ही मुंबईच्या गिरण्यांची शान. आणि इथं अप्पांच्या तोंडात मी अख्खा गेलो होतो, तंबाखूसकट.

अप्पा गिळेनात आणि थुंकेनात. थुंकले असते तर रात्रीचं भाषण थुंकल्यासारखं झालं असतं. गाल फुगवून त्यांनी हातानं खूण केली आणि खाली रस्त्यावरच्या नळाकडे चालू लागले. धोतर सावरत, भराभरा. मी वरून बघत होतो. मी मोजलं. बारा चुळा.

परत आले तेव्हा मिशा ओल्या होत्या. "रंगात विषारी द्रव्य असतं," ते म्हणाले. "पोटात जाता कामा नये."

"सकाळी तर तुम्हीच तोंडात घालायला शिकवलंत."

"हो. पण हा तांबडा जरा जास्तच."

"ब्रशला रंगच नव्हता, अप्पा. नुसत्या पाण्यात बुडवला होता तुम्ही."

रमाकांत आपल्या होडीला वल्ही काढण्यात गुंतले होते. फार नाजूक काम असावं. मान वर होत नव्हती.

अप्पांनी खाली बघितलं. हातात तो ब्रश अजून होता. तो पेटीत ठेवायचा की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दोरी मारून. शेवटी त्यांनी तो माझ्या डब्यात ठेवला.

"तुम्हीच ठेवा हा, गमरे. भेट समजा माझ्याकडून."

"अप्पा, हा तर तुमचा विलायती आहे, कुणाला हात लावू देत नाही तुम्ही," सुनेत्रा म्हणाली.

"असू दे. त्यांना झाड काढायचं आहे."

मी उठलो, पुठ्ठा काखेत मारला, नमस्कार न करता निघालो. खाडीच्या काठापाशी थांबलो. ब्रश पाण्यात भिरकवायचा असं ठरवलं होतं. हात वर केला. आणि हात खाली आला. ब्रश चांगला होता. इतका चांगला ब्रश माझ्या हाताला पुन्हा लागणार नव्हता. अपमान टिकाऊ असतो, ब्रश नाही. मी तो खिशात ठेवला आणि वरळीपर्यंत चालत आलो, दर चौकात अप्पांना एक शिवी देत.

*

पौर्णिमेला महिना होता. आठ दिवस आधीचा शामरावचा वायदा धरला तर तीन आठवडे. पुठ्ठ्यावरचं झाड अर्धंच होतं. अप्पांचे ते दहा ठिपके कोपऱ्यात, माझी चाळीस पानं ओळीत, मध्ये धड ना झाड ना बोर्ड. भिंतीवर हे चालणार नव्हतं.

बकुळा म्हणाली, "पाया पडते तुमच्या. संडासामागं जाऊन बघा एकदा."

गेलो. भिंतीला तडा गेला होता, पाण्याच्या पाइपाजवळ. त्यातून पिंपळ आलेला. कुणी लावलेला नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. हातभर म्हणालो होतो, खरं तर माझ्या छातीला आला होता. रोज सकाळी रांगेत उभा राहून मी त्याच्याकडे बघत होतो आणि बघितलं नव्हतं. आता नाकाला फडकं लावून समोर बसलो. रांगेतली माणसं विचारायची, "पेंटर, नंबर लावलाय का चित्र काढतोयस?" मी भोकं बघत होतो. वारा नसतानाही पानं हलत होती, देठ लांब असतो म्हणून. हलली की भोकांचा आकार बदलायचा. चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी भिंतीला हात लावला.

मोठे भाग कुंचल्यानं, पण पानांच्या कडा, टोकं, फटीतला उजेड, सगळं त्या आठ नंबरच्या ब्रशनं. पाण्यात बुडवायचा, तोंडात घालायचा. पहिले दोन दिवस लवंगेची चव येतेय असं उगाच वाटायचं. मग गेली. मग फक्त डिंकाची आणि गेरूची.

बाराव्या दिवशी रखमाआजी हंडा घेऊन दारात थांबली. मग हंडा खाली ठेवला, आत आली, चवड्यावर उभी राहून खिळ्यावरची छत्री काढली, मिटली, आणि काखेत घेऊन गेली. मला पदक मिळालं नाही कधी. ते तेवढंच.

शामराव आला. लांबून बघितलं, जवळून बघितलं, बोटानं रंग वाळलाय का ते बघितलं.

"पिंपळ तांबडा कसा?"

जिन्यावरून आजी ओरडली, "चैतात तांबडाच आसतो. गावाला कदी डोळं उघडून बघितलंस का?"

"पौर्णिमा वैशाखात आहे, आजी."

"तवर व्हईल हिरवा."

शामराव माझ्याकडे वळला. "गिरगावच्या पेंटरला नको म्हणून कळवतो," म्हणाला. एवढंच म्हणाला. पण जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला, आणि तो हात जड होता.

*

वैशाखी पौर्णिमेला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या, पांढरी लुगडी, पोरांच्या डोक्याला तेल. समितीचे दोन पुढारी यायचे होते, ते आले. त्यांच्याबरोबर पांढऱ्याशुभ्र धोतरात अप्पा. मी मागच्या बाकावर बसलो.

चहा आला. पुढाऱ्यांनी कपबशी उचलली आणि घटाघटा प्याले. अप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तेही प्याले. मी ते लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल की एकतर्फी लिहितो. बशीतलाही सांडलेला चहा प्याले.

पडदा निघाला. लोक माना उंचावून बघू लागले. मग पुढारी बोलले, मग अप्पांना बोला म्हणाले. अप्पा उभे राहिले. भिंतीकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्यांना झाड कळत होतं, हे मी नाकारत नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

"हे झाड मी ओळखतो. हा माझ्या हाताखालचा विद्यार्थी. ह्याला बाहेर निसर्गात मी नेलं. ह्याच्या हातात पहिला ब्रश मी दिला, माझा स्वतःचा. आज ह्या भिंतीवर मराठी माणसाची एकी मला दिसते."

टाळ्या झाल्या. शामरावही टाळ्या वाजवत होता. ही भिंत मी गिरगावच्या पेंटरला दिली नव्हती, आणि हा माणूस चहाचा कप खाली ठेवून ती घेऊन निघाला होता.

मी उठलो. गर्दीतून पुढं गेलो. सकाळी शेवटचा हात मारला होता, त्याची रंगाची वाटी आणि पाण्याचं भांडं कोपऱ्यात होतंच. खिशातून ब्रश काढला.

"अप्पा, खरं आहे तुमचं," मी मोठ्यानं म्हणालो. "ब्रश तुमचाच. मग एक पान तरी तुमच्या हातचं असू दे. हे बघा, बुद्धाच्या डोक्यावर एक भोक मोकळं राहिलंय. तुम्हीच शिकवलेलं. तिथं काढा."

लोक खूष झाले. "काढा, काढा, मास्तर." पुढाऱ्यांनीही मान हलवली.

मी ब्रश पाण्यात बुडवला. मग तोंडात घातला, सगळ्यांच्या देखत, ओठ मिटून हळूहळू ओढला. सुईसारखं टोक आलं. तो त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी ब्रश घेतला. टोकाकडे बघितलं. मग भांड्यात बुडवला, आणि खळखळ, खळखळ, जोरात हलवला. बराच वेळ. केस फाकून फिस्कटले, खराट्यासारखे. आता टोक आणायला एकच उपाय होता, आणि तो त्यांनी स्वतःच मला शिकवला होता. सगळी खोली बघत होती. ब्रश वर आला, ओठांपर्यंत आला, तिथं थोडा थांबला.

मग अप्पांनी तो तसाच वाटीत बुडवला आणि भिंतीला टेकवला.

पान उमटलं नाही. गोळा उमटला. चार बाजूंनी केस पसरलेला, गुबगुबीत.

कुणाला कळलं, कुणाला नाही. टाळ्या पडल्या, थोड्या. पुढच्या रांगेत बसलेली रखमाआजी डोळे बारीक करून बघत होती.

"दगडू," ती म्हणाली, "त्यो फ्लावर कुणी काढला रं परत?"

सगळी चाळ हसली. अप्पा सभा संपायच्या आधी गेले. ब्रश वाटीतच ठेवून गेले.

पुढं शामराव म्हणाला, चुन्याचा एक हात मार, पुसून टाक तो गोळा, बुद्धाच्या डोक्यावर बरा दिसत नाही. मी पुसला नाही. झाडाला दरवर्षी मी रंगाचा नवा हात देतो, चार पानं वाढवतो. तो गोळा तसाच ठेवतो, त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवतो. कुणी नवं माणूस आलं आणि विचारलं, हे पान असं का, तर त्याला ब्रश दाखवतो आणि टोक कसं आणायचं ते करून दाखवतो.